क्रीट : आधी संग्रहालय, मग नोसोस

भूमध्य समुद्रातल्या क्रीट बेटावर आलेले बहुतेक पर्यटक इराक्लिओ शहरात उतरतात, दुसऱ्या दिवशी सकाळी नोसोसचा राजवाडा उरकतात आणि वेळ उरला तर पुरातत्त्व संग्रहालयात डोकावतात. हा क्रम उलटा करावा, असं आमचं ठाम मत आहे. नोसोसमधले लाल खांब, रंगवलेले सज्जे आणि वरचे मजले यांचा बराचसा भाग विसाव्या शतकातल्या काँक्रीटचा आहे. भिंतींवरची चित्रं प्रती आहेत. ज्या तुकड्यांवरून त्या प्रती बनवल्या, ते मूळ तुकडे पाच किलोमीटर अलीकडे शहरातल्या संग्रहालयात आहेत. ते आधी पाहिले की राजवाड्यात अस्सल काय आणि नंतर घातलेलं काय, हे जागेवरच ओळखता येतं.

या लेखात इराक्लिओला मुक्काम धरून चार दिवसांची आखणी दिली आहे. हातात तीनच दिवस असतील तर चौथ्या दिवसाचा मालियाचा राजवाडा गाळा, पण संग्रहालयाच्या वेळेला कात्री लावू नका.

तारखा, तिकिटं, मुक्काम

मध्य एप्रिल ते मेअखेर आणि सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबरअखेर हे दोन काळ उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये पारा पस्तिशीकडे जातो, नोसोसच्या मधल्या चौकात सावली नसते आणि बंदरात क्रूझ जहाज लागलं की दहानंतर गटांची रीघ लागते. हिवाळ्यात गर्दी नसते. मात्र अवशेष संध्याकाळच्या आत बंद होतात, पाऊस असतो आणि बाहेरच्या देशांतून क्रीटला येणारी बरीच थेट विमानं थांबलेली असतात.

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. क्रीटसाठी वेगळा परवाना नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि त्यासोबत किमान ३०,००० युरोचं संरक्षण देणारा वैद्यकीय विमा द्यावा लागतो. अथेन्सहून इराक्लिओचं विमान तासाभरात पोचतं. दुसरा पर्याय अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून रात्री सुटून सकाळी लवकर पोचणाऱ्या फेरीबोटीचा. एका रात्रीचं हॉटेल वाचतं आणि बंदरातून चढ चढून पंधरा-वीस मिनिटांत पायीच संग्रहालय गाठता येतं. इंग्रजी नकाशांवर शहराचं नाव हेराक्लिओन असं दिसतं, बसच्या पाट्यांवर इराक्लिओ. शहर एकच.

मुक्काम व्हेनिसच्या राजवटीतल्या जुन्या तटबंदीच्या आत घ्या. सिंहांचं कारंजं आणि एलेफ्थेरिआस चौक यांच्या मधला भाग सर्वांत सोयीचा, कारण संग्रहालयं, नोसोसची बस आणि जेवणाची ठिकाणं सगळं चालण्याच्या अंतरात येतं.

तिकिटं ग्रीसच्या संस्कृती मंत्रालयाच्या अधिकृत ई-तिकीट संकेतस्थळावरच काढा. शोधयंत्रात वर येणारी बरीच संकेतस्थळं मध्यस्थांची असतात. तेच तिकीट ध्वनिमार्गदर्शक किंवा गाइड जोडून चढ्या भावाने विकतात. दर आणि वेळा दरवर्षी बदलतात, त्यामुळे निघण्याच्या आठवडाभर आधी तिथेच पाहून घ्या. संग्रहालय आठवड्यातल्या एखाद्या दिवशी दुपारी उघडतं का, तेही बघा. वेळ निवडायची असेल तर नोसोससाठी उघडण्याची पहिली वेळ निवडा.

१ जानेवारी, २५ मार्च, १ मे, ऑर्थोडॉक्स ईस्टरचा रविवार आणि २५-२६ डिसेंबर या दिवशी सरकारी स्थळं बंद असतात. ऑर्थोडॉक्स ईस्टर आपल्या दिनदर्शिकेतल्या ईस्टरच्याच दिवशी येईल असं नाही, म्हणून एप्रिल-मेमधला प्रवास ठरवताना ती तारीख वेगळी बघा. ६ मार्च, १८ एप्रिल, १८ मे, सप्टेंबरचा शेवटचा शनिवार-रविवार, २८ ऑक्टोबर आणि नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांतले पहिले व तिसरे रविवार, या दिवशी प्रवेश मोफत असतो. पैसे वाचतात, पण शाळांच्या सहलींसह सगळं शहर तिथे असतं. नोसोससाठी हे दिवस टाळलेले बरे.

आधी एवढा काळ डोक्यात बसवा

ज्या संस्कृतीचे हे अवशेष आहेत तिला नोसोस उकरून काढणाऱ्या आर्थर इव्हान्स या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाने मिनोअन म्हटलं, ग्रीक पुराणकथांतल्या मिनोस राजावरून. ते लोक स्वतःला काय म्हणत, हे कुणालाच माहीत नाही. नोसोसच्या टेकडीवर वस्ती इसवी सनपूर्व ७००० च्या सुमारापासून आहे. पहिले राजवाडे इ.स.पू. १९०० च्या सुमारास उभे राहिले आणि १७०० च्या सुमारास कोसळले. त्याच जागी नवे, अधिक मोठे राजवाडे झाले. १४५० च्या सुमारास नोसोस सोडून बाकीचे राजवाडे जळाले. त्यानंतर नोसोसमध्ये ग्रीक बोलणाऱ्यांचा अंमल होता, हे तिथल्या मातीच्या पाट्यांवरून कळतं. त्या पाट्यांची लिपी, लिनिअर बी, मायकेल व्हेंट्रिसने १९५२ मध्ये उलगडली. त्याआधीची लिनिअर ए अजून वाचता आलेली नाही.

संग्रहालयातल्या पाट्यांवर एमएम तीन किंवा एलएम एक अशा खुणा दिसतील. ईएम म्हणजे आरंभीचा मिनोअन काळ, एमएम मध्य आणि एलएम उत्तर. पुढचे अंक आणि अक्षरं म्हणजे पोटविभाग. ही चौकट इव्हान्सने भांड्यांच्या घडणीवरून रचली. ढोबळ मानाने एमएमचा पहिला-दुसरा भाग म्हणजे जुने राजवाडे. एमएम तीन आणि एलएम एक म्हणजे नवे. एवढं लक्षात ठेवलं की दालनांमध्ये वाट चुकत नाही.

पहिला दिवस : इराक्लिओचं पुरातत्त्व संग्रहालय

चार तास हाताशी ठेवा. इमारत पात्रोक्लोस कारांतिनोस या वास्तुविशारदाची, १९३० च्या दशकातली, भूकंप लक्षात घेऊन बांधलेली. मोठ्या दुरुस्तीनंतर २०१४ मध्ये ती पूर्ण उघडली. एकूण २७ दालनं आहेत. तळमजल्यावर मिनोअन वस्तू कालक्रमाने लावल्या आहेत, भित्तिचित्रं वरच्या मजल्यावर. फ्लॅशशिवाय फोटो काढता येतात; ट्रायपॉड आणि सेल्फी स्टिक चालत नाहीत. मोठी सॅक दाराशी ठेवावी लागते, तेव्हा लहान पिशवीच न्या. मध्येच बागेत जाऊन बसायचं असेल तर त्याच तिकिटावर परत आत सोडतात का, हे दारावरच विचारा.

पहिल्या काही दालनांतल्या सगळ्या कपाटांपुढे थांबलात तर वर पोचेपर्यंत डोळे थकतात आणि भित्तिचित्रं घाईत उरकावी लागतात. ही चूक इथे सर्रास होते. तळमजल्याला दीड तास द्या आणि थोड्याच वस्तूंपाशी थांबा.

कामारेस भांडी पहिली. काळ्या अंगावर पांढरी, नारिंगी आणि लाल वळणं असलेली ही जुन्या राजवाड्यांच्या काळातली भांडी आहेत. काही पेल्यांची भिंत अंड्याच्या टरफलाएवढी पातळ असते. बाजूने कडा बघितली की चाकावरचा हात किती सराईत होता ते कळतं.

फाइस्तोस या दक्षिणेकडच्या राजवाड्यातली चकती. १९०८ मध्ये लुइजी पेर्निएरच्या उत्खननात सापडलेली, सुमारे १६ सेंटिमीटर व्यासाची भाजलेली मातीची चकती. दोन्ही बाजूंना चिन्हं गोल गोल आत जातात. ४५ वेगवेगळी चिन्हं ओल्या मातीत ठशांनी उमटवली आहेत, म्हणजे एक ठसा पुन:पुन्हा वापरला आहे. पिसांचा तुरा घातलेलं डोकं शोधा. ते वारंवार येतं आणि प्रत्येक वेळी तंतोतंत सारखं असतं. वाचल्याचे दावे पुष्कळ झाले, सर्वमान्य झालेला एकही नाही. काचेभोवती फिरून दुसरी बाजूही पाहा.

मालियाचा सोन्याचा लटकन पाच सेंटिमीटरपेक्षा लहान आहे. दोन मधमाश्या एका थेंबाभोवती समोरासमोर. सोन्याचे बारीक कण जोडून केलेलं काम बघायला फोनचा कॅमेरा मोठा करून भिंगासारखा वापरा.

सर्पधारिणी मूर्ती १९०३ मध्ये नोसोसला सापडल्या, मधल्या चौकाच्या पश्चिमेकडच्या दोन दगडी खड्ड्यांत. त्या मातीच्या वाटतात, पण फायान्सच्या आहेत. म्हणजे वाळूची पूड भाजून तिच्यावर काचेसारखा लेप आणलेला. लहान मूर्तीचं डोकं आणि डाव्या हाताचा बराचसा भाग इव्हान्सच्या कारागिरांनी नव्याने केलेला आहे. जगभर छापलं जाणारं ते रोखून बघणारं तोंड विसाव्या शतकातलं आहे, हे आजच लक्षात घ्या. ते दोन खड्डे उद्या जागेवर बघायचे आहेत.

बैलाच्या मस्तकाचं काळ्या दगडाचं पात्र मानेच्या भोकातून भरायचं आणि तोंडातून ओतायचं. डोळा स्फटिकाचा, शिंगं नव्याने बसवलेली. त्यानंतर झाक्रोस इथल्या राजवाड्यातलं स्फटिकाचं पात्र, तीनशेहून अधिक तुकड्यांतून जोडलेलं, मण्यांच्या मुठीचं. फाइस्तोसजवळच्या आय्या त्रिआदा इथल्या काळ्या दगडी भांड्यांपैकी शेतकऱ्यांची मिरवणूक कोरलेलं भांडं सोडू नका. त्यावर तोंड उघडून गाणारी माणसं आहेत आणि त्यांच्या छातीच्या फासळ्याही दिसतात.

आता वरचा मजला. दोन तास इथे.

मिनोअन चित्रकार ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंगवत. चुना सुकताना रंग त्यातच बंदिस्त होतो, म्हणून हे तुकडे साडेतीन हजार वर्षं मातीत राहूनही टिकले. अजिंठ्याची पद्धत याहून वेगळी: तिथे मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात देऊन, तो सुकल्यावर खळीत कालवलेले रंग लावले आहेत. अजिंठा बघितलेल्याला दोन्हींतला फरक लगेच जाणवेल. अजिंठ्याला रंगाच्या छटा एकमेकींत मिसळतात आणि गोलाई येते. इथे सपाट रंग आणि ठाम बाह्यरेषा, कारण गिलावा सुकायच्या आत काम उरकायचं असे.

प्रत्येक चित्र तीन पायऱ्यांत बघा. आधी चार-पाच पावलं मागे उभं राहून पूर्ण आकृती घ्या. मग जवळ जाऊन किंचित बाजूला सरका, म्हणजे उजेड तिरका पडेल. मूळ तुकडे खडबडीत, टवके गेलेले आणि रंगाने गढूळ दिसतात. भर घातलेला भाग गुळगुळीत आणि एकसारखा. तिसऱ्या पायरीला अस्सल तुकड्यांची कड नजरेने गिरवा आणि चेहरा, हात, हातातली वस्तू यांपैकी नेमकं काय उरलंय ते स्वतःशी मोजा.

‘लिलींचा राजपुत्र’ या चित्रावर ही रीत लावून बघा. मुकुटाचा एक तुकडा, धडाचा एक, पायाचा एक. चेहरा मूळ नाहीच. हे तुकडे एकाच व्यक्तीचे आहेत का, यावर अभ्यासकांत वाद आहे, आणि इव्हान्सला मात्र त्यात पुरोहित-राजा दिसला. त्याचे चित्रकार एमिल जिल्येरों पिता-पुत्र कमालीचे कुशल होते. जोडकाम इतकं सफाईदार की शंका येत नाही.

केशर वेचणाऱ्याचं चित्र याहूनही बोलकं आहे. आधी ते निळा मुलगा म्हणून जुळवलं गेलं. पुढे लक्षात आलं की एका तुकड्यावर शेपूट आहे. तो निळा माकड निघाला. मिनोअन चित्रांत माकडं निळीच रंगवतात.

बैलावरून उडी मारणाऱ्यांच्या चित्रात मधली तपकिरी आकृती पुरुषाची, कडेच्या दोन पांढऱ्या. पुरुष तपकिरी आणि स्त्रिया पांढऱ्या, असा इथला रंगसंकेत. म्हणून इव्हान्सने त्या मुली मानल्या, सगळे तसं मानत नाहीत. बैलाच्या पाठीवरची उडी ज्या तुकड्यांवर आहे त्यांच्याकडे नीट बघा. इथे मूळ भाग बऱ्यापैकी मोठा आहे.

आय्या त्रिआदाची दगडी शवपेटी चारही बाजूंनी फिरून बघा. एका लांब बाजूला मेजावर बांधलेला बैल आहे, त्याच्या गळ्यातलं रक्त खालच्या भांड्यात पडतंय आणि मागे जोडबासरी वाजवणारा आहे. दुसऱ्या लांब बाजूला ओतण्याचा विधी, वीणेसारखं तंतुवाद्य आणि मृताकडे वासरं व नाव घेऊन जाणारे पुरुष. एवढं सलग राहिलेलं चित्र संग्रहालयात दुसरं नाही. वीस मिनिटं इथेच द्या.

निघण्याआधी तीन फोटो फोनमध्ये ठेवा: लिलींचा राजपुत्र, बैलाची उडी आणि सर्पधारिणी. उद्या लागतील.

दुसरा दिवस : नोसोस

शहरातून २ नंबरची बस नोसोसला जाते, वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तिकीट रस्त्यावरच्या टपरीवजा किऑस्कवर आधीच घ्या. उन्हाळी वेळापत्रकात स्थळ सकाळी ८ ला उघडतं. पावणेआठला दाराशी असा. पहिला तास-दीड तास खरा तुमचा. माणशी दीड लिटर पाणी, टोपी आणि रबरी तळाचे बूट हवेत. पावलांनी घासून घासून दगड गुळगुळीत झाले आहेत, चपला घसरतात.

दाराशी परवानाधारक गाइड असतात आणि सुटे पर्यटक गोळा करून गट बनवतात. गाइड घ्यायचा तर आधी परवाना, वेळ, गटातली माणसं आणि माणशी दर ठरवून घ्या. संग्रहालय आदल्या दिवशी केलं असेल तर खालच्या वर्णनावर काम भागतं.

स्थळाच्या आत वाट दोरांनी आखलेली असते आणि ती अधूनमधून बदलते. शक्य झालं तर सगळ्यात आधी मधल्या चौकात जाऊन सिंहासनकक्ष उरका, कारण रांग तिथेच लागते आणि दहानंतर ती अर्धा तास हलत नाही. मग पश्चिम अंगणात परत येऊन क्रमाने बघा.

आधी दगड ओळखायला शिका. इथे तीन साहित्यं डोळ्यांपुढे सतत येतात. चुनखडीचा दगड करडा-पिवळसर आणि कणखर. पाया आणि अंगणातली फरशी त्याची. जिप्सम पांढुरका, स्फटिकासारखा चमकणारा आणि मऊ. आतल्या खोल्यांच्या फरश्या आणि भिंतींवरच्या लाद्या त्याच्या. जिप्सम पाण्यात हळूहळू विरघळतो, म्हणून उघड्यावरच्या लाद्यांवर पावसाच्या खोल रेघा दिसतात. इव्हान्सला छपरं घालावी लागली त्याचं हेही एक कारण, आणि कित्येक खोल्या आज दोर लावून बंद ठेवल्या आहेत त्याचंही. त्याला हात लावू नका. तिसरं काँक्रीट. कडा धारदार, पृष्ठभाग एकसारखा, लाकडी तुळयांच्या जागी पिवळट-तपकिरी रंग दिलेला, आणि कुठे तडा गेला असेल तर आतल्या सळीचा गंज ओघळलेला. वर रुंद आणि खाली निमुळते होणारे लाल खांब सगळे काँक्रीटचे. मूळ खांब लाकडी होते, ते जळाले. आकार चित्रांवरून आणि खालच्या दगडी बैठकांवरून ठरवला.

हे काँक्रीट का घातलं, तेही समजून घेतलं पाहिजे. १८७८ मध्ये मिनोस कालोकेरिनोस या इराक्लिओच्या रहिवाशाने इथे पहिलं खोदकाम केलं आणि रांजणांच्या कोठ्या काढल्या. इव्हान्सने मार्च १९०० मध्ये सुरुवात केली. पूर्वेच्या उतारावर भव्य जिन्याचे वरचे टप्पे पडलेल्या मातीवर टेकून जागच्या जागी राहिले होते. माती काढली तर जिना कोसळणार. आधी लाकडी टेकू लावले, ते काही वर्षांत कुजले. मग लोखंडी तुळया. पहिल्या महायुद्धानंतर सळयांचं काँक्रीट. जिन्याच्या बाबतीत हा इलाज आम्हाला रास्त वाटतो. तो केला नसता तर आज बघायला जिना नसता. सिंहासनकक्षावरचा मजला आणि पश्चिमेकडचं वरचं दालन यांची गोष्ट निराळी. तिथे खाली पडलेल्या अवशेषांवरून अंदाज बांधून अख्खा मजला चढवला आहे. जिना आणि तो मजला एकाच मापाने तोलू नका.

पश्चिम अंगणात तीन मोठे गोल दगडी खड्डे दिसतील, जुन्या राजवाड्याच्या काळातले. त्यांच्या बाजूने किंचित उंच अशा दगडी पायवाटा तिरक्या जातात. मिरवणुका त्यांवरून येत असाव्यात. पश्चिम भिंतीच्या पायाजवळच्या जिप्समच्या ठोकळ्यांवर आगीचे काळे डाग शोधा. ठोकळ्यांवर दुधारी कुऱ्हाड, त्रिशूळ, तारा अशा पाथरवटांच्या खुणाही कोरलेल्या आहेत. तिरक्या उन्हात त्या सहज दिसतात, एरवी जवळजवळ अदृश्य होतात.

भिंतीच्या आत अठरा लांबट कोठ्या एका ओळीत आहेत. माणसाच्या उंचीचे रांजण आणि जमिनीत खोदलेल्या दगडी पेट्या. तेल, धान्य, लोकर यांचा हिशेब मातीच्या पाट्यांवर ठेवला जाई आणि शेवटच्या आगीत त्या भाजल्या गेल्या म्हणून टिकल्या. एरवी कच्ची माती विरून गेली असती.

सिंहासनकक्षात जिप्समचं उंच पाठीचं आसन मूळ जागेवर आहे. त्याच्या दोन्ही बाजूंचे गरुडमुखी सिंह प्रतीतले. समोर काही पायऱ्या उतरून एक बुडीत चौकोन आहे. तिथे पाणी निघून जायला वाट नाही, म्हणून ते स्नानगृह नसून विधीची जागा असावी असं मानतात. खोल्यांची नावं सगळी इव्हान्सने दिलेली: राणीचा महाल, दुधारी कुऱ्हाडींचं दालन, जकात नाका. नावावरून उपयोग ठरवू नका.

कक्षाच्या दक्षिणेला, चौकाच्या त्याच बाजूला, सर्पधारिणींचे खड्डे आहेत. फोनमधला कालचा फोटो इथे उघडून बघा. राजपुत्राची प्रत दक्षिणेकडे लावली आहे आणि बैलाचं उठावातलं चित्र उत्तर प्रवेशाशी आहे. राजपुत्राच्या प्रतीत तुकडे आणि भर यांतला फरक पुसला गेलेला दिसेल, मूळ चित्रात तो कालच तुम्ही पाहिला आहे.

पूर्व भागात जाळीखालचे मातीचे नळ चुकवू नका. प्रत्येक नळ एका टोकाला निमुळता, पुढच्यात घट्ट बसणारा. अरुंद टोकाशी पाण्याचा वेग वाढतो आणि गाळ साचत नाही. शेवटी वायव्येला पायऱ्यांचं छोटं प्रेक्षागार आणि तिथून निघणारा दगडी राजरस्ता. गट इथवर क्वचित येतात. पाइनच्या सावलीत बसून पाणी प्या. एकूण अडीच तास पुरेत.

तिसरा दिवस : फाइस्तोस, आय्या त्रिआदा, गोर्तिना

दक्षिणेकडच्या मेसारा मैदानावरच्या या तीन जागा एका दिवसात होतात, गाडी असेल तर आरामात. इथे गाडी उजव्या बाजूने चालते, आंतरराष्ट्रीय वाहन परवाना सोबत हवा. मागची गाडी पुढे जाऊ बघत असेल तर स्थानिक लोक उजवीकडच्या पट्ट्यावर सरकून वाट देतात; तीच अपेक्षा तुमच्याकडूनही असते. बसने जायचं तर इराक्लिओच्या बंदराजवळच्या केटेल या बससेवेच्या स्थानकावरून. फेऱ्या मोजक्या असतात, म्हणून उतरण्याआधी परतीच्या वेळांचा फोटो काढा. बसने तिन्ही जागा साधत नाहीत. फाइस्तोस आणि गोर्तिना धरा.

फाइस्तोस इराक्लिओपासून साठेक किलोमीटर. फेडेरिको हाल्बहेर आणि इटालियन पुरातत्त्वज्ञांनी इथे फार कमी पुनर्बांधणी केली. नोसोसनंतर लगेच इथे आलं की काँक्रीट नसलेला राजवाडा कसा दिसतो ते समजतं, आणि उत्तरेला २,४५६ मीटर उंचीचा प्सिलोरिटिस पर्वत समोर असतो. अडचण एकच: इथे दोन राजवाडे एकमेकांवर आहेत. पश्चिमेचं खालचं अंगण, त्यातल्या उंच पायवाटा आणि बसायच्या पायऱ्या जुन्या राजवाड्याच्या. नव्याची दर्शनी भिंत काही मीटर मागे आहे, आणि बांधणाऱ्यांनी जुनी भिंत भरावाखाली गाडली होती. अंगणात उभं राहून या दोन रेषा आधी शोधा, मग सुमारे १४ मीटर रुंदीच्या भव्य जिन्याने वर या. ईशान्य कोपऱ्यातल्या लहान खोल्यांत ती चकती सापडली.

नोसोस, फाइस्तोस, मालिया, झाक्रोस यांच्यासह सहा मिनोअन केंद्रं जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आली. पॅरिसच्या त्याच अधिवेशनात रायगड, राजगड, सिंधुदुर्ग आदी आपल्या बारा किल्ल्यांचीही नोंद झाली.

आय्या त्रिआदा तीन किलोमीटरवर. पहिल्या दिवशी पाहिलेली शवपेटी आणि काळी भांडी इथली. तिची वेळ लवकर संपते, म्हणून फाइस्तोसनंतर लगेच जा.

परतीच्या वाटेवर गोर्तिना. रोमन काळात ही क्रीट आणि सायरेनेका या प्रांताची राजधानी होती. सेंट टायटसच्या पडक्या चर्चमागे रोमन सभागृह आहे आणि त्याच्या भिंतीत इ.स.पू. पाचव्या शतकातले कायदे कोरलेले दगड बसवले आहेत: बारा स्तंभ, सहाशेच्या आसपास ओळी. लग्न, वारसा, दत्तक, गुलाम यांचे नियम. एक ओळ उजवीकडून डावीकडे, पुढची डावीकडून उजवीकडे, नांगर शेताच्या कडेला वळतो तशी. एखादं असममित अक्षर, समजा ई, निवडून दोन लागोपाठच्या ओळींत शोधा. ते आरशातल्यासारखं उलटलेलं दिसेल. रस्त्याच्या दक्षिणेला ऑलिव्हच्या झाडांतून आणखी अवशेष पसरलेत, ते कुंपणाबाहेरूनच बघायचे.

शाकाहारी मंडळींनी खानावळीत ‘लाडेरा’ विचारावं: ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भेंडी, वांगी, फरसबीसारख्या भाज्या. ‘निस्तीसिमो’ म्हणजे उपवासाचं. त्यात मांस, दूध, अंडी नसतात, पण कालवं आणि ऑक्टोपस चालतात. त्यामुळे नुसतं निस्तीसिमो सांगून भागत नाही. बार्लीच्या टोस्टवर टोमॅटो आणि चीज घातलेला डाकोस सगळीकडे मिळतो.

चौथा दिवस : मालिया आणि शहरातली चित्रं

मालियाचा राजवाडा पूर्वेला, किनारी महामार्गावर, गावापासून तीन किलोमीटर पुढे. बस वरचेवर असतात. दीड तास पुरतो. गोल दगडी थाळा बघा: कडेने ३४ लहान वाट्या आणि मध्ये एक मोठी. पहिल्या धान्याफळांचा नैवेद्य त्यात ठेवत असावेत. छपराखालच्या मू वस्तीत लाकडी पुलांवरून कारागिरांची घरं वरून दिसतात.

दुपारी शहरात परत या आणि दोन लहान संग्रहालयं घ्या, याच क्रमाने. आधी सेंट कॅथरीन चर्चमधलं ख्रिस्ती कलेचं संग्रहालय. तिथे सोळाव्या शतकातला क्रीटचा चित्रकार मिखाइल दमास्किनोस याची सहा मोठी पूजाचित्रं आहेत. सोनेरी पार्श्वभूमी आणि चेहऱ्यांची ठेवण बायझेंटिन, पण आकृत्यांच्या मागची इमारत आणि खोली व्हेनिसकडून आलेली. एका चित्रात हे दोन्ही कुठे भेटतात ते शोधा.

मग किनाऱ्यावरचं क्रीटचं ऐतिहासिक संग्रहालय. एल ग्रेको, म्हणजे १५४१ मध्ये याच शहरात जन्मलेला चित्रकार डोमेनिकोस थिओटोकोपुलोस. बेटावर त्याची दोनच चित्रं आहेत, दोन्ही इथे. सिनाई पर्वताचा देखावा आणि ख्रिस्ताचा बाप्तिस्मा. दोन्ही लहान आहेत, बाप्तिस्म्याची फळी तर वहीच्या पानाएवढी. म्हणून खोलीत शिरताच पुढे निघून जाऊ नका. आधी सिनाईसमोर उभे राहा: पर्वताचे सुळके, खाली मठ, आणि वाटेवरून चढणारे यात्रेकरू, बोटाच्या नखाहून लहान. बाप्तिस्म्यात आकाश उघडतं तिथला रंग ओला असतानाच फटकाऱ्याने लावलेला दिसेल. दमास्किनोस तासाभरापूर्वी पाहिलेला असेल, तर हे ब्रशचे फटके कुठून फुटून निघाले ते सांगावं लागत नाही. संग्रहालय बंद व्हायच्या किमान दीड तास आधी आत जा, कारण वरच्या मजल्यावर ग्रीक लेखक निकोस कझान्झाकिसची अभ्यासिका मांडली आहे आणि तिलाही वेळ लागतो.